डावा कौल

भैरोबाच्या राईतली ती फांदी किसनने तोडली नाही, मी तोडली. आणि तोडून झाल्यावर देवळापुढे, सगळ्या गावाच्या देखत मी सांगितलं की मी त्या ओढ्याकडे फिरकलोच नव्हतो. किसन माझा चुलतभाऊ. माझ्या त्या एका वाक्यामुळे तो गावातून गेला, आणि जे काम त्याचं होतं ते पुढं आयुष्यभर मी केलं, त्यावर नाव मिळवलं. आठवणी लिहायला घेतल्यावर हे प्रकरण मी फार टाळलं. पारगावची शाळा झाली, कारखान्याची वसाहत झाली, वडिलांचा राग लिहून झाला. इथं आलो की मी उठून चहा करायला जायचो. आज चहा आधीच करून बसलो आहे.

वडील पारगावच्या साखर कारखान्यात बॉयलरवर होते. आमचं मूळ गाव मात्र आंबेगाव तालुक्याच्या पश्चिमेला, पार डोंगरात. वडील थोरले असून खाली आले, तेव्हा गावची भातखाचरं आणि भैरोबाचा मान धाकट्या भावाकडे राहिला. त्या काकांना सगळे आबा म्हणत; किसन त्यांचाच मुलगा. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आपटलो तेव्हा वडील एवढंच म्हणाले, "जा वर. आबाला हिरड्याला माणूस पायजे." शिक्षा झाल्यासारखा मी एसटीत बसलो. पिशवीत पक्ष्यांवरचं एक चित्रांचं पुस्तक होतं, कॉलेजच्या ग्रंथालयाचं, परत न केलेलं. आपण नापास झालो तरी अडाणी नाही, हे वरच्या लोकांना दाखवायला ते मला उपयोगी पडणार होतं.

आबांच्या घरात उन्हाळ्यात सगळ्यात मोठा आवाज हिरड्याचा. झाडावरून झोडपून आणलेला कोवळा बाळहिरडा अंगणभर वाळत पडलेला असायचा आणि येता-जाता जो तो त्यातून पाय ओढत जायचा, म्हणजे तो उलथला जावा. ओला असेपर्यंत तो दबक्या आवाजात सरकायचा. जसजसा वाळून काळा पडे तसतसा आवाज चढायचा, शेवटी खुळखुळ्यासारखा वाजायला लागायचा. काकी चुलीपुढे बसून नुसतं ऐकायची आणि आतून ओरडायची, "किसना, झाला रं, भर आता." नाचणीची भाकरी, काळ्या उडदाचं घुटं आणि करवंदाची चटणी, हे जेवण. पहिली भाकरी काकी मला वाढायची, कारण मी पावणा. ती फुगलेली, मऊ असायची, आणि मला तिचा राग यायचा. किसनला ती सगळ्यात शेवटची वाढायची, तवा तापून तापून कडक झालेली, कडेला करपलेली. त्याला तीच आवडायची, आणि हे तिला कधी विचारावं लागायचं नाही. मऊ भाकरी खात मी त्या करपलेल्या भाकरीकडे बघत राहायचो. हेवा म्हणजे काय हे मला कुणी विचारलं तर मी आजही हेच सांगेन.

त्या काळात शहरातली माणसं आमच्याकडे जंगल बघायला नुकतीच येऊ लागली होती. कुणी शेकरू बघायला, कुणी पाखरं बघायला. त्यांना फिरवायचा तो किसन. खाली मंचरकडे दुसऱ्याच्या मळ्यात कांदे काढायला जायचं नाही, गावात राहून याच कामावर घर चालवायचं, असं त्याने मनाशी धरलं होतं. तसं करणारा तो गावातला पहिलाच. त्याची पद्धत चमत्कारिक होती. राईच्या तोंडाशी चपला काढायला लावायचा, थोडं आत न्यायचा आणि सगळ्यांना खाली बसवायचा. "बसा उगी. आधी जंगल तुमाला बघनार. त्याचं बघून झालं की मग ते दावील, त्याला वाटलं तर." कुणी शेकराला बिस्किट टाकायला लागलं की हात धरायचा. "न्हाई राव. उद्यापासून ते तुमची वाट बघंल आन तुमी येनार न्हाई." लोक हसायचे आणि बिस्किट खिशात ठेवायचे. मी हेच सांगितलं असतं तर भांडण झालं असतं.

नावं मात्र त्याला एकही धड यायची नाहीत. जी येत नसत ती तो बनवायचा. एकदा पुण्याच्या एका शिक्षिकेने झाडात बसलेलं पाखरू दाखवून विचारलं, "किसनभाऊ, हा कोणता?"

"ह्यो व्हय बाई? ह्यो आमच्या गावचा तलाठी. सकाळी येकदा दिसतो, मग दिसभर न्हाई."

सगळे खो खो हसले. मी मागून म्हणालो, "तो हरियल आहे. फळं खाणारं हिरवं कबूतर."

"दत्ता म्हनतोय तर असंल," किसन म्हणाला. "त्यो बुकं वाचून आलाय. मी नुसता झाडावर चढून आलोय." आणि पुन्हा हसू. तो मला हसला नव्हता, हे मला आता कळतं. तेव्हा माझे कान तापले. जाताना त्या बाई म्हणाल्या, "तलाठ्याला नमस्कार सांगा." हरियल कुणाच्याच लक्षात राहिला नाही.

एका म्हाताऱ्या जोडप्याने पुढं त्याला पोस्टाने दुर्बीण पाठवली. किसनने ती खोलीतल्या खुंटीला अडकवली आणि म्हणाला, "दोघांची हाय बरं का." तिला मी बरेच दिवस हात लावला नाही. दुसऱ्याला मिळालेल्या वस्तूत आपल्याला वाटा मिळणं, हे न मिळण्यापेक्षा वाईट असतं असं मला वाटायचं.

पण खरं दुखणं वेगळं होतं. राईत जायला भैरोबाचा कौल लागायचा. राईतलं वाळकं लाकूड सुद्धा कुणी उचलायचं नाही ही जुनी चाल, आणि पावणे येऊ लागल्यावर आबांनी तीच पुढं वाढवली: ज्या दिवशी बाहेरची माणसं आत न्यायची त्या सकाळी देवाला विचारायचं. राईच्या कडेला शेंदूर लावलेली देवाची शिळा आहे. तिच्या उजव्या आणि डाव्या अंगाला ओला तांदळाचा दाणा चिकटवायचा आणि वाट बघायची. उजवा आधी पडला तर परवानगी. डावा पडला तर राई त्या दिवशी बंद; पावणे पुण्याहून आलेले असोत नाहीतर दिल्लीहून. "आबाचं गुडघं दुकत आसलं की कौल डावाच पडतो," असं किसन म्हणायचा, पण त्याने कौल मोडलेला मी कधी पाहिला नाही. आता कार्यशाळांमध्ये मी याला वहनक्षमता म्हणतो. जंगलाला विसावा लागतो, रोज माणसं आत सोडायची नसतात, असं फळ्यावर लिहून सांगतो. तेव्हा मला ते निव्वळ खुळ वाटायचं. तरीही त्या अक्षय्य तृतीयेला आबांनी तांदळाची वाटी किसनच्या हातात दिली आणि म्हणाले, "आता हितून पुढं तू लावत जा," तेव्हा ते मला सोसलं नाही. थोरल्याचा मुलगा मी. मान माझ्या घराचा. ज्या गोष्टीवर माझा विश्वास नव्हता ती दुसऱ्याला मिळाली म्हणून मी त्या दिवशी पुरणपोळीवरून उठलो.

त्याच आठवड्यात किसनने मला घरटं दाखवलं. राईतल्या ओढ्यावर एक जांभळाचं पोरसवदा झाड वाकलं होतं. त्याच्या बारक्या बेचक्यात, पानांच्या आड, कोळ्याच्या जाळ्याने लिंपलेली वाटी होती आणि तिच्यावर एक नर पक्षी बसला होता. पांढराशुभ्र, काळा तुरा, आणि शेपटीच्या दोन लांब फिती खाली वाऱ्यावर हलत होत्या. पुस्तकात त्याचं नाव स्वर्गीय नर्तक. किसन त्याला नवरदेव म्हणायचा. "फकस्त तुला दावतोय," तो माझ्या कानाशी म्हणाला. "आईला बी सांगितलं न्हाई. पिल्लं उडूस्तवर हितं कुनाला आनायचं न्हाई." त्याचा हात माझ्या खांद्यावर होता. त्या क्षणी तो मला फार आवडला, हे मला लिहिलंच पाहिजे. आणि परत येताना वाटेत मी विचार करत होतो की हे घरटंही यालाच का सापडावं.

पिल्लं निघाली. किसन एक दिवस हिरड्याची पोती घेऊन घोडेगावला गेला. आबांचा गुडघा त्या सकाळी खरंच सुजला होता. अशात एक गाडी आली. पुण्याचे एक दातांचे डॉक्टर, हाताएवढ्या लांब भिंगाचा कॅमेरा, सोबत दोन मित्र. "किसन कुठंय?" त्यांनी पहिलं हेच विचारलं. मी म्हणालो, "मी आहे ना." आबांनी खाटेवरून वाटी माझ्याकडे सरकवली. "लाव जा कौल. डावा आला तर त्यास्नी च्या पाज आन धाड माघारी."

शिळेपाशी मी एकटाच होतो. डॉक्टर खाली गाडीला टेकून उभे होते, घड्याळ बघत होते. मी दाणे लावले, हात जोडले. डावा पडला. थोडंसं सरकला आणि टप्पकन पडला. मी दाणे पुन्हा लावले. कौल दोनदा लावायचा नसतो हे मला माहीत होतं. या वेळी दोन्ही चिकटून राहिले. खालून कुणीतरी शीळ घातली. मग मी बोट पुढं केलं आणि नखाने उजवा दाणा पाडला.

राईत मी त्यांना चपला काढायला सांगितल्या नाहीत, बसवलं नाही, थेट ओढ्यावर नेलं. डॉक्टर कॅमेऱ्यातून बघून म्हणाले, "अरे वा! पण पानं मधे येतायत रे. ती एक फांदी जरा..." मी फांदी वाकवून धरली. माझ्या हातामुळे नर जवळ येईना. मग मी ती मोडली. तरी दुसरी आड येत होती, तीही मोडली. कोवळं, ओलं लाकूड होतं, आवाज झाला नाही, फांदी नुसती सोलल्यासारखी आली. घरटं उघडं पडलं, वरून ऊन थेट आत. पिल्लांच्या चोची वासलेल्या होत्या. मला वाटलं भुकेने. ती उन्हाने धापा टाकत होती. नर-मादी किती वेळ लांबच्या फांदीवरून ओरडत राहिली. शेवटी नर आला आणि कॅमेरा खडखडत राहिला. निघताना डॉक्टरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "किसन किसन ऐकून आलो होतो. पण गाईड तू आहेस!" ते वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोळवत आलो. आबांना सांगितलं की कौल उजवा होता आणि आम्ही राईच्या कडेकडेनेच शेकरू बघून परतलो.

दुसऱ्या दिवशी किसनकडे एक कुटुंब आलं. त्याने कौल लावला, त्याचा उजवा आला, तो त्यांना घेऊन गेला आणि नेहमीपेक्षा फार लवकर परत घेऊन आला. पावणे गेल्यावर तो अंगणात आला आणि हिरड्यात उकिडवा बसून हातानेच तो उलथत राहिला. मी ओट्यावर होतो.

"दत्ता, काल वढ्याला गेलतास?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला.

हिरडे वेचून ओढ्याच्या वाटेने परतणाऱ्या बायकांनी संध्याकाळी ते पाहिलं. मोडलेल्या फांद्या, रिकामी वाटी, आणि काठावरच्या दगडावर एक पिल्लू, मुंग्या लागलेलं. दुसरं कावळ्याने नेलं असावं. गाव देवळापुढे जमलं. राईत शेवटची माणसं किसनची गेली होती, हे सगळ्यांनी पाहिलं होतं, आणि त्या दिवसाचा कौलही त्याचाच. म्हातारे म्हणाले, "पावन्यांच्या नादानं देवाचं झाड मोडलं. कौल तरी खरा व्हता का?"

"माझ्या पावन्यांनी न्हाई मोडलं," किसन म्हणाला.

"मग कुनी?"

आबा माझ्याकडे वळले. "दत्ता, आदल्या दिशी तू नेलेलीस मानसं. तुमी गेलता का वढ्याला?"

किसनही माझ्याकडे बघत होता. त्याच्या नजरेत राग नव्हता. लहान मुलाला ओढा ओलांडताना बघतात तसा तो बघत होता. पडतो की येतो. मी म्हणालो, "आम्ही ओढ्याकडे गेलोच नाही, आबा. कडेनंच परतलो." किसनने मान खाली घातली. काकी मात्र बोलली, आणि तिचंच बोलणं मला आजवर पुरलं आहे. ती पुढं येऊन त्याला म्हणाली, "लोकांनी वा वा करावी म्हनून केलंस व्हय रं?"

बाहेरच्यांना राईत न्यायचं नाही आणि किसनने कौलाच्या वाटीला हात लावायचा नाही, असं ठरलं. आठवडाभरात तो खाली जुन्नर तालुक्यात, पिंपरी पेंढारला गेला. आधी कुणाच्या तरी मळ्यात टोमॅटो तोडायला, मग त्याच मळ्याची पिकअप चालवायला. तिथंच लग्न झालं, तिथंच राहिला. सणाला यायचा, पाहुण्यासारखा ओट्यावर बसायचा, आणि काकी आता त्यालाही पहिली, मऊ भाकरी वाढायची.

वाटी माझ्याकडे आली. काही वर्षांनी गावाचा राग निवला, राई पुन्हा उघडली, आणि पावण्यांना फिरवणारा मीच एकटा उरलो. मला जे जे हवं होतं ते सगळं मिळालं. आणि तरी हेवा गेला नाही, हे विचित्र आहे. जुनी माणसं यायची ती विचारायची, "ते किसनभाऊ कुठं असतात? तो तलाठी पक्षी दाखवणारे?" मी सांगायचो, "खाली असतो. त्याला याची आवड राहिली नाही." गेलेल्या माणसाची जागा घेऊनही मी त्याच्यावर जळत होतो. पुढं मी त्याचंच सगळं उचललं. पावण्यांना बसवायला लागलो. 'आधी जंगल तुम्हाला बघणार' हे वाक्य मी प्रमाण भाषेत करून घेतलं आणि ते माझं म्हणून गाजलं. वनखात्याच्या सभागृहात मी तरुण मार्गदर्शकांना शिकवू लागलो: घरट्याजवळ जायचं नाही, फांदी दूर करायची नाही, मोबाइलवर आवाज लावून पाखरू बोलवायचं नाही, खाऊ घालायचा नाही, आणि दिसलं नाही तर नाही दिसलं असं पाहुण्याला सांगायची हिंमत ठेवायची. मागच्या वर्षी एका मुलीने उठून विचारलं, "सर, हे तुम्ही कुणाकडून शिकलात?" मी म्हणालो, "अनुभवातून." टाळ्या झाल्या. घरी येऊन मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी पिंपरी पेंढारला गेलो. किसन रस्त्याकडेला पिकअपमध्ये क्रेट चढवत होता. केस पिकलेले, पोट सुटलेलं, बोलणं तेच. "या सर! आज टमाट्याची सहल का काय?" मी त्याला बाजूला घेतलं आणि सुरुवात केली. "किसन, ती फांदी..."

त्याने हात वर केला. चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं. मी त्याला असं कधी पाहिलं नव्हतं.

"हितं न्हाई बोलायचं."

"माझं ऐकून तरी घे."

"काय ऐकू? मला ठावं हाय ते मला सांगाया आलाईस? तुजं मन हलकं व्हनार, आन माझं काय?" क्रेट त्याने दणकन ठेवला. "हितं मला कुनी लबाड म्हनत न्हाई, दत्ता. जितं म्हनत्यात तितं जाऊन बोल. माझी आई जित्ती हाय अजून. आबा गेलं तसंच गेलं. तिच्याम्होरं बोल."

आबा गेले तेव्हा मीच त्यांच्या उशाशी होतो. तेव्हाही बोललो नव्हतो.

हिरडा सुरू व्हायच्या आधी गाव देवळापुढे बसतं, कुणी कुठली झाडं घ्यायची ते ठरवायला. या वर्षी मी आधीच निरोप धाडला होता. काकीला मी आणि माझ्या बायकोने धरून आणलं, खांबाला टेकून बसवलं. तिला आता कमी दिसतं, ऐकू मात्र सगळं येतं. किसन आला, पण मागे, पायरीवरच उभा राहिला. मी उभा राहिलो आणि माझ्या सवयीप्रमाणे लांबून सुरुवात केली. त्या काळात पर्यटन नवीन होतं, नियम नव्हते, मीही वयाने लहान होतो, बाहेरच्या लोकांचा दबाव असायचा...

"सर, कार्यशाळा हाय का?" मागून कुणीतरी म्हणालं आणि पोरं हसली. काकी हसली नाही. ती आवाजाच्या दिशेने तोंड करून म्हणाली, "दत्ता, कुनाचं सांगतुयास? नाव घे की."

मी काकीपुढे खाली बसलो, कारण उभ्याने मला ते जमलं नसतं. म्हणालो, "काकी, तुझ्या किसनने काही केलं नव्हतं. देवाने डावा दिला होता, मी नखाने उजवा पाडला आणि फांद्या मी मोडल्या. तो सगळं ओळखून गप्प राहिला आणि मी त्याला जाऊ दिलं." मग मी मागे वळलो. पायरीवर तो होता. जे मी बायकोलाही कधी बोललो नव्हतो ते सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणालो, "किसन, मी नकळत चुकलो नाही. तू माझ्याहून चांगला होतास आणि लोकांना ते दिसत होतं. मला ते बघवलं नाही, म्हणून केलं. अजूनही कधी कधी बघवत नाही. मला माफ कर."